तखताखाली राक्षस, अलमारीवर देव

२२ सप्टेंबर १९९५, शुक्रवार

ही डायरी बँकेची. जानेवारीपासून कोरी पडली होती. काल मुक्ता म्हणाली, "आजी, तू दिवसभर बोलतेस, ऐकणारा थकतो. लिही, कागद नहीं थकता." मुक्ता माझी नात, बारावीत आहे, अर्धं मराठी बोलते आणि अर्धं हिंदी. म्हणून आजपासून लिहायला घेतलं. मी वाईला तिसरीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन काशीत आले, तेव्हा अक्षराला कोणी नावं ठेवू नयेत. ठेवणार कोण म्हणा, हे वाचणार कोण आहे?

काल गणपती दूध प्यायले. सगळ्या गावात तेच चाललंय. मीही मंगलागौरीच्या देवळात चमचा घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्या हातून प्यायले की नाही सांगता येत नाही, मागच्या बाईने ढकललं आणि अर्धं दूध माझ्या कोपरावरून ओघळलं. घरी येऊन श्रीनिवासला विचारलं, "खरंच प्यायले का रे?" श्रीनिवास माझा मुलगा, भिक्षुकी करतो, घाटावर त्याच्या शब्दाला मान आहे. म्हणाला, "तू दिलंस ना? मग झालं." त्याचं बोलणं असंच, निम्मं पोटात.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. आज सेठजींकडून लाल गाठोडं आलं.

सेठजींचा छापखाना आहे, देवादिकांच्या गोष्टींच्या कॉमिक्स छापतात. चित्रकार ती चित्रं आधी मोठाल्या जाड कागदांवर हाताने काढतो, मग त्यावरून पुस्तक छापतात. छापून झालं की मोठे कागद सेठजींना नको होतात. रद्दीत घालता येत नाहीत, कारण त्यांच्यावर देव असतात. उद्या चाटवाल्याच्या पुडीवर देवीचं तोंड आलं तर पाप कोणाला? म्हणून लोक जुनी कॅलेंडरं आणि भंगलेल्या मूर्ती देतात तसे सेठजी ते कागद लाल कपड्यात बांधून श्रीनिवासकडे पाठवतात. तो अमावास्येला नावेतून मध्यावर जातो आणि गंगेत सोडतो.

म्हणजे आपण चित्रं सोडतो असं त्याला वाटतं.

हे गेले त्या वर्षी पहिलं गाठोडं आलं. तेव्हा माझं कशातच मन लागत नव्हतं. वाती वळायला बसायची आणि वळलेल्या परत उलगडायची. नुसतं बघावं म्हणून गाठोडं सोडलं आणि बघतच राहिले. मग आत जुनी वर्तमानपत्रं घातली, तशीच गाठ मारली, चित्रं माझ्या गादीखाली. तेव्हापासून प्रत्येक गाठोड्याचं असंच. आजही केलं. वर्तमानपत्रातही देवाचा फोटो असेल ते पान काढून ठेवते. पुढाऱ्यांची मुद्दाम घालते.

एक बरं आहे, आमच्याकडे रद्दी कधी कमी पडत नाही. गीता, म्हणजे माझी सून, रद्दीवाल्याला हाक मारायला निघाली की श्रीनिवास म्हणतो, "राहू दे, लागते." त्याला कशाला लागते कोण जाणे.

२३ सप्टेंबर

गाठोड्यातली पानं आज नीट पाहिली. गीता भाजीला गेली होती, मुक्ता पहाऱ्याला दारात. मुक्ताला तेवढं ठाऊक आहे. तीच मला "चोर आजी" म्हणते.

छापलेली कॉमिक्स आणि हे कागद यात केवढा फरक! पुस्तकात घोरमुख राक्षसाने गदा उचललेली असते आणि झालं. कागदावर बघावं तर त्या हाताखाली पेन्सिलीने काढलेला आणखी एक हात असतो, त्याच्याही खाली आणखी एक. म्हणजे चित्रकाराला जमेना, त्याने पुसलं, परत काढलं. कुठे चुकलं तिथे पांढरा रंग थापलेला. बोट फिरवलं की रंग हाताला लागतो. बोलण्याचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून वर डकवलेले. एका पानावर चहाच्या कपाची गोल खूण आहे. माणूस तिथे बसलेला दिसतो. देवळातली मूर्ती तयार असते, ती घडवताना कोणाचं काय चुकलं ते कुणी दाखवत नाही. मला ते चुकलेलंच बघायला आवडतं.

ठेवायची माझी पद्धत आहे. आधी सगळी गादीखाली ठेवली होती, पण झोप लागेना. देवांच्या अंगावर झोपायचं म्हणजे काय! मग पानं निवडली. राक्षस, त्यांची सेना, पाताळ, जंगल हे सगळं तखताखाली, पायांना टेकू दिलेल्या दोन फळ्यांच्या मध्ये. देव, ऋषी, गाई अलमारीवर, रेशमी सोवळ्याखाली. देव आणि राक्षस एकाच पानावर लढत असतील तर ते पान मधल्या फळीवर पोथ्यांच्या मागे. अप्सरांचं काही ठरेना, त्या मुक्ताच्या कपड्यांत दिल्या. मुक्ता म्हणते, "आजी, एक ही कहानी चार जगह! पहिलं पान वर, दुसरं खाली, वाचायचं कसं?" मी म्हटलं, वाचायला पुस्तक आहे, हे बघायला आहे.

बिचारी गीता रोज तखताखालचा केर काढते, पण तिचं लक्ष केराकडे असतं.

२६ सप्टेंबर

नवरात्र बसलं. परवा सर्वपित्रीला श्रीनिवास गाठोडं सोडून आला, नावेत मीही होते. तो हल्ली गाठोडं सोडताना मंत्र म्हणत नाही. पूर्वी म्हणायचा. दोन-तीन वेळा पाहिलं, नुसता हात जोडतो आणि सोडतो. सेठजींची दक्षिणाही घरी आणत नाही, वाटेतच मंगलागौरीच्या पेटीत टाकतो. वडील असते तर ओरडले असते. मी काय बोलणार, माझंच पायाखाली जळतंय.

आज अलमारीवरच्या सगळ्या देवींना हळदकुंकू वाहिलं. देवी घरात आहे आणि नवरात्रात तिच्या कपाळाला काही नाही, हे बरं दिसतं का? मी लावत नाही आता, पण देवीला लावायला मला कोण अडवणार? बोट किंचित ओलं करून नीट गोल टेकवलं. काळ्या रेघांच्या कागदावर तेवढंच लाल. इतकं छान दिसलं की मुक्ताला हाक मारली. ती म्हणाली, "अरे बाप रे आजी, खराब कर दिया!" हिला काय कळतंय.

या चित्रकाराची देवी तरणीताठी नसते. डोळ्याखाली थकलेली, हनुवटीला सुरकुती. पुस्तकात छापताना रंग भरतात तेव्हा ती सुरकुती जाते, पण कागदावर असते. आणि त्याला कागदाच्या कडेला घरातली कामं लिहून ठेवायची सवय आहे. "माँ की दवा." "माँ का चश्मा, डंडी ठीक." "साबूदाना." मी वाचून हसायची, देवी इकडे असुर मारतेय आणि तिकडे साबुदाणा. यंदाच्या पानांवर मात्र काहीच लिहिलेलं नाही. कामं कमी झाली असतील. बरं झालं.

१ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी दारात एक माणूस आला. उंच, खांदे पडलेले, उजव्या हाताचं मधलं बोट काळं. म्हणाला, "पंडितजी हैं? मैं अनिमेष. सेठजी के यहाँ चित्र बनाता था."

मी शेंगा सोलत होते. सूप मांडीवरून खाली आलं.

हाच तो! पाच वर्षं याची पानं बघतेय आणि हा माणूस आमच्या चटईवर बसून गीताच्या हातचा चहा पितोय. कप त्याने खाली जमिनीवर ठेवला, गोल खूण उमटली. मी पुसली नाही.

तर झालं असं. सेठजी कॉमिक्स बंद करतायत. टीव्ही आल्यापासून मुलं घेत नाहीत, आता नुसत्या लग्नपत्रिका छापणार. अनिमेषबाबूंना दिल्लीला टीव्हीची कार्टून करणाऱ्या कुठल्याशा कंपनीत काम मिळायची आशा आहे. पण तिथले लोक म्हणतात, स्वतःच्या हातची मूळ पानं आणून दाखवा. छापलेलं पुस्तक दाखवून भागत नाही, कारण पुस्तकावर सेठजींनी याचं नावच कधी घातलं नाही. कोणीही म्हणेल मी काढलं. या महिन्याच्या मध्याला बोलावलंय. आणि पानं?

"सेठजी बोले सब गंगाजी में गया," अनिमेषबाबू म्हणाले. "पंडितजी, एक भी नहीं बचा? भीगा हुआ ही सही. फटा हुआ ही सही."

श्रीनिवास कितीतरी वेळ जानवं चाळवत बसला. मग म्हणाला, "मुझे जो बँधा हुआ मिला, मैंने वही छोडा. गाँठ मैंने कभी नहीं खोली."

"हाँ. आप क्यों खोलेंगे."

"गंगाजी के मन में होगा तो देंगी," श्रीनिवास म्हणाला आणि उगीच माझ्याकडे बघितलं. मी शेंगांकडे बघितलं.

बंगाली टोल्यात राहतो म्हणाला. जाताना वाकून मला नमस्कार केला. मासीमा म्हणाला, म्हणजे बंगालीत मावशी.

२ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. उपास आहे सांगून सुटले.

खरं तेच लिहिते, इथे कोणाला फसवायचं? पहिला विचार त्या बिचाऱ्याचा आला नाही. पहिला विचार आला की माझी पानं जाणार. मग वाटलं, देऊच नये. सेठजींनी गंगेला दिली, गंगेने मला दिली, त्यात तो कोण? असं मनात आलं आणि लगेच तो काळा पडलेला बोटाचा शेंडा डोळ्यांसमोर आला.

आणि द्यायची तरी कशी? दिली तर सगळ्या घाटावर होणार, श्रीनिवासशास्त्र्यांनी यजमानाचं विसर्जन म्हणून वर्तमानपत्रं सोडली. मग कोण त्याच्याकडे पिंडदानाला येईल? त्याने गाठ उघडली नाही हे खरं आहे, पण लोक म्हणतील घरातच होतं ना. माझ्या हौसेपायी मुलाचं नाव जायचं. आणि नाही दिली तर त्या माणसाचं दिल्लीचं काम जायचं.

दिवसभर इकडून तिकडे. गीता म्हणाली, "आई, बसा जरा, पायाला भिंगरी बांधलीय का?" बसले. परत उठले. देवीच्या पानांवरचं सोवळं सारखं केलं, परत सारखं केलं.

४ ऑक्टोबर

काल दसरा झाला. सोनं वाटताना एक युक्ती सुचली.

श्रीनिवासच म्हणाला ना, गंगेच्या मनात असेल तर देईल? मग देऊ दे की! पानं प्लास्टिकमध्ये घालून पंचगंगा घाटाच्या पायरीशी पाण्यात ठेवायची, मुक्ताने ओरडायचं, "देखो देखो, क्या बह के आया!" गणपती दूध पितात त्या महिन्यात एवढं कोणाला खोटं वाटेल? कोणाचं नाव जायला नको, चित्रकाराला चित्रं मिळाली.

पण कोरडी निघाली तर लोक शंका घेतील. थोडी भिजायला हवीत. किती भिजली तर चालतील ते बघायला गीता शेजारी गेल्यावर बादलीत पाणी घेतलं आणि एक पान बुडवलं. राक्षसाचंच घेतलं, पण त्यात देवीचा हात होता, तो माझ्या लक्षात आला नाही. आधी क्षमा मागायला हवी होती.

काळी शाई हललीसुद्धा नाही! रेघ न् रेघ जिथल्या तिथे. पांढरा रंग दुधासारखा पाण्यात उतरला आणि त्याखालचे चुकलेले हात सगळे वर आले, राक्षसाला एकदम पाच-सहा हात. आणि बोलण्याचे फुगे सुटून पाण्यावर तरंगायला लागले. "सावधान!" एकीकडे. "हा हा हा" एकीकडे. मी बादलीत हात घालून एकेक शब्द पकडत बसले.

६ ऑक्टोबर

पान छतावर वाळवलं, माकडांपासून राखत बसले, आणि आज फुगे परत डकवले, मैद्याच्या खळीने. मुक्ता शाळेतून आली आणि हसून हसून लोळली. देवीच्या हाताशी मी "हा हा हा! आज तेरा अंत है, मूर्ख!" लावलं होतं आणि घोरमुखाच्या तोंडात "पुत्र, भय मत करो."

"आजी, तेरा राक्षस ज्यादा अच्छा है," म्हणाली. मग तिनेच नीट केलं.

गंगेची युक्ती सोडून दिली. मुक्तानेच विचारलं, "चमत्कार हो गया तो पन्ने अनिमेषबाबू को कौन देगा? घाटावर मंदिर बांधतील, आरती सुरू होईल." खरंच की. गणपतीच्या रांगेत मी कोपरावर दूध सांडून आले, मला कळायला हवं होतं. देव ठरलं की माणसाला हात लावू देत नाहीत.

९ ऑक्टोबर

बंगाली टोल्यात जाऊन आले. काल कोजागिरीचं दूध पिऊनही मला गार वाटेना, तेव्हा ठरवलं की एकदा तो माणूस राहतो कसा ते बघायचं. घरी सांगितलं, शरदिनीकडे जाते. शरदिनी माझी मैत्रीण, दुर्गाघाटावर राहते, माझ्यासाठी खोटं बोलायला कधी नाही म्हणत नाही.

एकच खोली. खिडकीशी उतरती फळी, त्यावर लग्नपत्रिकेचे गणपती ओळीने काढून वाळत घातलेले. मी म्हटलं, नातीला चित्रकला शिकवाल का, विचारायला आले. कारण काहीतरी सांगायला हवं ना. त्यांनी मला ओळखलं, "पंडितजी की माताजी!" म्हणाले आणि खुर्ची पुसली. एकच खुर्ची, खिडकीसमोर, वेताची, बैठक मध्ये खोल गेलेली. खिळ्याला बाईमाणसाचा चष्मा टांगलेला, एका दांडीला दोरा गुंडाळलेला.

मी बसायला गेले आणि कसं कोण जाणे, बसवेना. विचारलं, "आई कुठे असतात?"

"माघ में चली गईं."

मग मला त्या कोऱ्या कडा आठवल्या. मी मूर्ख, म्हटलं होतं कामं कमी झाली.

"फोटो नाही लावला?" भिंतीवर काहीच नव्हतं म्हणून विचारलं.

हसले. "फोटो का नाम लो तो उठके चली जाती थीं. मेरे सामने बैठती थीं, बस. मैं देवी बनाता था, वो मटर छीलती थीं. बोलती थीं, नाक ठीक बना." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोटो की क्या जरूरत थी मासीमा, इतने पन्ने थे. अब माँ भी गंगाजी में, पन्ने भी."

मी चहा न घेता निघाले. गल्लीत चुकले. दोनदा त्याच पानवाल्यापाशी आले.

१२ ऑक्टोबर

द्यायची. ठरलं. नाव जायचं तर माझं जाऊ दे, मी सांगेन मी केलं. पण श्रीनिवासला आधी सांगायला हवं.

तर हा मुलगा ऐकूनच घेत नाही! सकाळी म्हटलं, "श्रीनिवास, मला एक बोलायचंय, त्या गाठोड्यांचं." म्हणाला, "आई, मी सोवळ्यात आहे." दुपारी परत म्हटलं. पंचांग उघडून ग्रहणाचा वेध बघत बसला. संध्याकाळी मी वाटच अडवली. तेव्हा खांद्यावरचं उपरणं काढून परत घातलं आणि म्हणाला, "मला काही सांगू नकोस. मला माहीत नसलं की कोणी विचारलं तर मला माहीत नाही असं म्हणता येतं. माहीत असलं की मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"पण तुझ्या नावाला…"

"माझ्या नावाचं मी बघतो. तुला कुठे जायचं असलं तर काशीनाथच्या नावेतून जा. गल्लीतून मोठं सामान वळत नाही."

काय म्हणावं याला? मी गंभीर काही सांगतेय आणि हा नावेचं सांगतोय. मोठं सामान कसलं, मी तर काही बोललेही नव्हते.

गीतानेही आजच जुनी जाड चादर आणि सुतळी माझ्या तखतावर आणून ठेवली. म्हणाली, "आई, पडून होती, तुम्हाला कशाला लागली तर." मला नेमकं तेच हवं होतं. घरात कोणाला कशाचा पत्ता नाही आणि गोष्टी आपोआप जुळतात, देवीचीच इच्छा.

१४ ऑक्टोबर

देऊन आले.

सकाळी मुक्ताला शाळा बुडवायला लावली. वरचे देव खाली घेतले, खालचे राक्षस वर काढले, पोथ्यांमागचं काढलं, अप्सरा आणल्या. मुक्ताने गोष्टी लावल्या, पहिलं पान, दुसरं पान. इतक्या दिवसांनी देवी आणि घोरमुख शेजारीशेजारी आले. मधूनमधून माझा हात एखादं पान दाबून धरायचा आणि मुक्ता म्हणायची, "आजी. छोड."

काशीनाथ नावाडी म्हणाला, "काकी, पलंग का पाट ले जा रही हो का?" मी म्हटलं, हो. वारा होता. नाव मणिकर्णिकेवरून जाताना मी गठ्ठ्यावर आडवी पडले, उडू नये म्हणून, आणि गंगेला म्हटलं, आई, तुझं ते तुला दिलं नाही, त्याचं त्याला देतेय, धक्का देऊ नकोस. मुक्ताला माझीच भीती वाटत होती, मी पाण्यात पडेन म्हणून पदर धरून बसली होती.

अनिमेषबाबूंनी चादर सोडली. एकेक पान उचलायचे आणि उजेडात धरायचे. मीच बोलत राहिले. गाठोडं, वर्तमानपत्रं, बादली, सगळं सांगितलं. बादलीतलं पान पाहून म्हणाले, "अच्छा, सब हाथ दिख रहे हैं," आणि पहिल्यांदा हसले.

मग देवी आली. माझं कुंकू कपाळावर.

"ये किसने लगाया?"

मुक्ता म्हणाली होती खराब केलंस. म्हटलं, "मी लावलं. नवरात्र होतं. देवी आहे ना." आणि पदराने पुसायला पुढे झाले.

त्यांनी माझा हात धरला. चांगलाच घट्ट. म्हणाले, "रहने दीजिए. बाबा के बाद माँ ने कभी…" ते पान त्यांनी गठ्ठ्यात परत ठेवलं नाही, वेताच्या खुर्चीवर ठेवलं.

मला वाटलं होतं, निघताना म्हणतील, मासीमा, एक पान तुम्ही ठेवा. कोणतं मागायचं तेही नावेत ठरवलं होतं, चहाच्या डागाचं. ते म्हणालेच नाहीत. तोंडापर्यंत आलं होतं, पण मागितलं नाही. नावेत परत येताना मुक्ताशी बोलले नाही. राग आला होता, खोटं कशाला लिहू.

तखत आता बुटकं झालंय, टेकूच्या फळ्या गठ्ठ्याला आधार म्हणून गेल्या ना. उठताना गुडघे जास्त वाकवावे लागतात.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. गल्लीत ग्रहण बघायचे काळे चष्मे विकायला आलेत. मुक्ताने घेतला आणि घरातच घालून हिंडते, चहा सांडला.

आज दुपारी अनिमेषबाबू आले. संध्याकाळच्या गाडीने दिल्लीला जायचं होतं. हातात पेटी, पाठीला तो गठ्ठा मेणकापडात बांधलेला. श्रीनिवास घरीच होता. आता हा आभार मानणार आणि सगळं बाहेर पडणार.

"पंडितजी," अनिमेषबाबूंनी हात जोडले, "आपके घर से…"

"गंगाजी ने दिया," श्रीनिवास मध्येच म्हणाला. "देती हैं कभी कभी."

"जी. गंगाजी ने." अनिमेषबाबूंनी माझ्याकडे बघितलं. "बहुत बोलती हैं गंगाजी."

गीता पदर तोंडाला लावून आत पळाली. खोकला झालाय तिला बहुतेक, दिवाळीच्या आधी हवा बदलते.

मग ते मला म्हणाले, "मासीमा, एक काम है. नई जगह जा रहा हूँ, वहाँ भी देवी बनानी पडेगी. चेहरा नहीं है मेरे पास. आधा घंटा बैठेंगी?"

मी! मी म्हटलं, वेडा की काय, माझे दात बघितलेस का? पण मुक्ताने पाट मांडला, खिडकीचं दार उघडलं, गीताने माझा पदर सारखा केला. अनिमेषबाबूंनी कागद काढला, तसाच जाड, आणि पेन्सिल चालू. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाच वर्षं पानं बघितली, पण पेन्सिल कागदावर कशी वाजते ते ठाऊक नव्हतं. तांदूळ निवडताना सुपात होतो तसा.

बघायला उठले. "बैठिए." बसले. म्हटलं, नाक नीट काढ हो. ते थांबले, परत काढायला लागले. म्हटलं, मान अवघडली. म्हटलं, दूध उतू चाललंय का बघा. "मासीमा, होंठ हिल रहे हैं." म्हटलं, "मग बाबा, मला राक्षसीण कर, तिचं तोंड उघडं असलं तर चालतं. देवीला किती वेळ गप्प बसावं लागतं!" मुक्ता चष्म्यासकट लोळली.

झाल्यावर दाखवलं. हनुवटी माझीच. डोळेही माझेच, फक्त इतके शांत मी कधी पाहिले नाहीत. तिथे खाली दुसऱ्या रेघाही होत्या, पुसलेल्या, माझी मान तिकडे वळलेली, इकडे वळलेली. हात पुढे झाला माझा. त्यांनी कागद गुंडाळला आणि पेटीत घातला. दिल्लीला दाखवायचाय म्हणाले.

दारापर्यंत सोडायला गेले. राहवेना. म्हटलं, "छापून झालं की मोठ्या कागदाचं काय करतात रे तिकडे?"

"पता नहीं. फेंक देते होंगे."

"टाकायचं नाही! देवी आहे ती. सांग त्यांना. आणि यमुनेत सोडू नका म्हणावं, दिल्लीच्या यमुनेचं पाणी काही खरं नाही. लाल कपड्यात बांधून इकडे पाठवायचं. आमचा श्रीनिवास अगदी विधिपूर्वक सोडतो."

मागून श्रीनिवासचा कसला तरी आवाज आला. वळून बघितलं तर उपरण्यात तोंड खुपसून भिंतीला टेकला होता, खांदे हलत होते. त्यालाही गीताचाच खोकला लागलेला दिसतो. उद्या दोघांना काढा करून देते.